इपॉक्सी फ्लोअरवर पाय घसरू नये म्हणून कुठली ग्रिट टाकायची

कोल्हापूरला शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत बघा, शेडमध्ये इपॉक्सी (दोन भाग मिसळून मारायचा रेझिनचा कोट) मारलं की फ्लोअर लय भारी चमकतोय, पण त्यावर कूलंट (मशीनचं काम थंड ठेवणारं पाणी-तेल) सांडला की माणूस उभा राहत नाही. म्हणून ग्रिट, म्हणजे फ्लोअर खरखरीत करणारे बारीक दाणे, टाकायची. पण दुकानदार देईल ती पिशवी आणून ओतायची नाही, आधी फ्लोअरवर काय सांडणार आणि तो पुसणार कोण हे बघा.

नुसतं पाणी पडत असेल, लोक अनवाणी फिरत असतील तर बारीक पॉलिमर बीड्स बास झाल्या, पायाला टोचत नाहीत, पोछा पण अडकत नाही. तेल, कूलंट, वर फोर्कलिफ्ट असेल तर ॲल्युमिनियम ऑक्साईड घ्या, लय कडक असतंय. फक्त त्याचा ब्राऊन प्रकार फिक्या रंगात काळपट दिसतो, तिथं व्हाईट मागा. सिलिका सँड स्वस्त, आणि आपल्याकडं फाउंड्रीमुळं सहज मिळतीय, पण नवी, धुतलेली, कोरडी पाहिजे. मोल्डिंगची (साच्यात) वापरलेली वाळू चुकून पण नको, त्यात बेंटोनाईट माती आणि कोळशाची पूड असते. आणि वाळू उडवताना मास्क लावा भावांनो, सिलिकाची धूळ फुप्फुसाला वाईट.

खरा घोळ साईझमध्ये होतोय. मेश म्हणजे चाळणीचा नंबर, त्याचा आकडा वाढला की दाणा बारीक, 60 मेश म्हणजे साधारण 250 मायक्रॉन, 100 मेश 150 च्या आसपास. रोलरनं मारलेला टॉप कोट (सगळ्यात वरचा थर) 100-150 मायक्रॉन बसत असेल तर 100 मेश त्यात बुडून जाईल, पैसे गेले. उलट लय जाड घेतला तर त्या खाचांत घाण बसते आणि साफ करणारी मावशी रोज शिव्या घालते, ते पण रास्तच आहे.

कोटमध्येच मिसळून मारणार असाल तर ॲल्युमिनियम ऑक्साईड जड, ट्रेच्या तळाशी बसतंय, सारखं ढवळत राहायचं नाहीतर एका कोपऱ्यात खरखरीत आणि दुसऱ्यात गुळगुळीत. मला तरी ओल्या कोटवर शिंपडायची पद्धत बरी वाटते: मूठ वर उडवायची, पावसासारखं खाली पडू द्यायचं, सुकल्यावर सुटे दाणे झाडून वरनं टॉप कोट.

ऑर्डर द्यायच्या आधी प्लायच्या तुकड्यावर सॅम्पल करा, पूर्ण क्युअर (पक्कं कडक) झाल्यावर तुमचाच कूलंट ओता आणि कामावरचेच बूट घालून उभं राहा. पावसाळ्यात ग्रिटची पिशवी उघडी ठेवू नका, ओलसर दाण्याला इपॉक्सी नीट धरत नाही. आणि अर्धा-एक किलो त्याच लॉटची ग्रिट बाजूला ठेवा, फोर्कलिफ्टच्या वाटेवर आधी झिजणार, तेव्हा पॅच मारायला लागेल.