कॅन्टोन्मेंटमध्ये कॅमेरा घेऊन जाताय? या चुका टाळा

पुण्याचा कॅम्प, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर. महाराष्ट्रात कॅन्टोन्मेंट सात, आणि फोटोला विषय सातही ठिकाणी भरपूर. काळ्या दगडातली चर्च, मंगलोरी कौलांचे बंगले, वर्दी शिवणाऱ्या शिंप्यांची दुकानं, पोराला भेटायला गावाकडून आलेली माणसं. एवढं सगळं असताना नवशिक्यांच्या कार्डावर शेवटी सापडतं काय, तर गेट, काटेरी तार आणि ‘फोटोग्राफी मना है’ची पाटी. त्यात फोटोही धड नसतो आणि डोक्याला ताप मात्र होतो. चुका त्याच त्या, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

गेटकडे तोंड करून उभं राहणं

गेट हा कॅन्टोन्मेंटमधला सगळ्यात रटाळ विषय आहे. रंगवलेला अडसर, वाळूची पोती, एक संतरी. जगात कुठेही काढा, फोटो सारखाच. वर कायद्याची भानगड वेगळी. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ मध्ये लष्करी आस्थापना ‘प्रतिबंधित ठिकाण’ या व्याख्येत येतात, आणि त्याच कायद्यात ‘रेखाचित्र’ या शब्दात फोटोही धरला आहे. कलम ३ खाली संरक्षणविषयक ठिकाणांसाठी शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाते. देशाच्या सुरक्षेला बाधक असा हेतू असावा लागतो हे खरं, पण हेतूची चर्चा कोर्टात होते, गेटवर नाही.

माणसांचे फोटो हवे असतील तर गेटकडे पाठ करा. खरंच, शब्दशः पाठ करा. रस्त्याच्या कडेला अशा जागी थांबा की तुमची लेन्स बाजाराकडे, चहाच्या टपरीकडे, बसथांब्याकडे राहील. गेटमध्ये जाणारा प्रत्येक पाहुणा आधी तिथे थांबतोच. पास मिळेपर्यंत बसलेले वडील, पिशवीत डबा घेतलेली आई, नव्या नवरीला फोनवर रस्ता सांगणारा दीर. त्यांचे चेहरे गेटकडे असतात, म्हणजे तुमच्याकडे. संतऱ्यालाही दिसतं की कॅमेरा त्याच्यावर रोखलेला नाही. ३५ किंवा ५० मिमीची छोटी लेन्स पुरते. १५०-६०० घेऊन आलात तर कोणीतरी उठून तुमच्याकडे येणारच, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नसेल.

विचारल्याशिवाय माणसांचे फोटो काढू नका. ‘काका, एक फोटो काढू का?’ एवढं पुरतं. कुटुंबासोबत वर्दीतला जवान असेल तर त्यालाही विचारा, आणि तो नको म्हणाला तर ‘फक्त एकच’ असा हट्ट धरू नका. छातीवरची नावाची पट्टी आणि खांद्यावरची खूण फोटोत येऊ नये अशी बरेचदा त्याचीच इच्छा असते.

फ्रेमच्या कडा न बघता बटण दाबणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. विषय निरुपद्रवी असतो, घोळ पाठीमागे असतो. बंगल्याच्या छपरामागे अँटेना, चर्चच्या डाव्या कोपऱ्यात वॉच टॉवर, रस्त्यावरच्या सायकलवाल्यामागे उभा लष्करी ट्रक.

एका फोटोवॉकमधला प्रसंग सांगण्यासारखा आहे. पोरगा नवीन, कॅमेरा नवीन, हातात ७०-२०० लेन्स. जुन्या बंगल्याच्या पडवीची लाकडी जाळी टिपत होता. विषय उत्तम, उजेडही उत्तम. पण २०० मिमीला मागचं सगळं जवळ ओढलं जातं, त्यामुळे जाळीच्या उजवीकडे दूरचा टॉवर आणि वरचा जवान ठळक आले. संतऱ्याने हाक मारली. फोटो दाखव म्हटलं, याने दाखवले. डिलीट कर म्हटलं, याने केले. इथपर्यंत प्रकरण पाच मिनिटांचं होतं.

मग आतून सुभेदारसाहेब आले. त्यांना कॅमेऱ्यातलं कळत होतं. त्यांनी दुसऱ्या कार्डाचं झाकण उघडायला सांगितलं. कॅमेरा दोन कार्डांवर एकदम लिहिण्यावर लावलेला, त्यामुळे सगळे फोटो तिथे जसेच्या तसे. फोनमध्ये पाहिलं तर वायफायवरून लहान प्रती आपोआप उतरलेल्या. पोराला हे ध्यानातही नव्हतं, पण समोरच्याला ती लपवाछपवीच वाटली. पुढे पोलीस चौकी, आधार कार्डाची प्रत, घरी फोन, आणि अख्ख्या ग्रुपची दुपार फुटपाथवर.

म्हणून निघण्याआधी घरीच एवढं करा. दुसरा स्लॉट रिकामा ठेवा. वायफाय आणि ब्लूटूथने फोटो पाठवणं बंद करा. फोनचं क्लाउड बॅकअप त्या दिवसापुरतं थांबवा. कार्ड नुकतं फॉरमॅट केलेलं असू द्या, म्हणजे गेल्या महिन्यातल्या धरणाच्या आणि विमानतळाच्या फोटोंबद्दल उत्तरं देत बसावं लागणार नाही. फोनवर डिलीट केलेला फोटो आयफोनच्या ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवसांपर्यंत राहतो. बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो. डिलीट करायला सांगितलं तर तिथूनही काढा, आणि दुसरी प्रत कुठे असेल तर विचारायच्या आधी स्वतः सांगा. मात्र प्रकरण पोलिसांकडे गेलं असेल तर स्वतःच्या मनाने काहीच पुसू नका. ते पुरावा नष्ट केल्यासारखं दिसतं.

फ्रेमच्या कडा बघायची सवय लावायची असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये आधी चार कोपरे बघा, मग विषय. सुरुवातीला वेळ लागतो. तेवढा वेळ नसणाऱ्यांनी बागेत जाऊन फुलं काढावीत.

‘गूगलवर सगळं दिसतं की!’

दिसत असेल. संतऱ्याला हे ऐकवून काय मिळणार? शासकीय गुपिते अधिनियमाचंच कलम ७ वाचून ठेवा. प्रतिबंधित ठिकाणाजवळ पहाऱ्यावरच्या जवानाला किंवा पोलिसाला अडवणं, त्याची मुद्दाम दिशाभूल करणं, त्याच्या कामात व्यत्यय आणणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२२ चा निकाल हल्ली सगळ्यांना पाठ असतो. तो पोलीस ठाण्याबद्दल आहे. पोलीस ठाणं प्रतिबंधित ठिकाणात मोडत नाही, असं कोर्टाने म्हटलं. लष्करी तळाला तो लावू नका.

थांबवलं की कॅमेरा खाली, गळ्यात. ओळखपत्र काढा, काय काढत होता ते एका वाक्यात सांगा, स्क्रीन त्यांच्याकडे फिरवा. आणि हो, मनाईची पाटी मोबाईललाही लागू असते. ‘कॅमेरा कुठे आहे, फोन आहे’ हे उत्तर ऐकून ऐकून संतरीही कंटाळले असतील.

काळा दगड राखाडी, पांढरा चुना मातकट

आता खऱ्या फोटोग्राफीकडे. कॅन्टोन्मेंटमधलं बांधकाम म्हणजे बेसाल्ट, आणि त्याच्या शेजारी चुना. झाडांच्या बुंध्यांना चुना-गेरूचे पट्टे, रस्त्याच्या कडेचे दगड पांढरे, भिंती पांढऱ्या. कॅमेऱ्याचा मीटर दोन्हीकडे फसतो, कारण त्याला सगळं मध्यम राखाडी करायचं असतं. काळ्या भिंतीने फ्रेम भरली की मीटर उजेड वाढवतो आणि दगड धुतल्यासारखा फिका येतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सेटिंग, -०.७ ते -१ ठेवा. चुन्याच्या भिंतीने फ्रेम भरली तर उलट, +१ च्या आसपास.

दोन्ही एकाच फ्रेममध्ये असतील, आणि बहुतेक वेळा असतातच, तर पांढऱ्याला सांभाळा. स्पॉट मीटरिंग करून (म्हणजे एका ठिपक्याएवढ्या जागेचाच उजेड मोजून) चुन्यावर रीडिंग घ्या, त्यात दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वाढवा आणि तिथेच लॉक करा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये, काढा. काळ्या दगडातला तपशील नंतर वर आणता येतो, पण जळालेला चुना परत येत नाही. जेपीईजी काढून ‘फिल्टरने बघू’ म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

वेळेचंही तसंच. वर्षावृक्षाखाली दुपारी बंगला काढला की कौलांवर, भिंतीवर, पडवीत सगळीकडे उन्हाचे कवडसे पडतात आणि इमारतीचा आकारच हरवतो. सकाळी नऊच्या आत जा, किंवा सरळ पावसाळ्यातला ढगाळ दिवस पकडा. ओला बेसाल्ट चमकतो, ती चमक पोलरायझर फिरवून कमी करता येते. पूर्ण काढू नका, नाहीतर दगड मेल्यासारखा दिसतो.

मनोरा मागे पडतोय

कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ मध्ये पवित्र करण्यात आलं, आणि त्याचा मनोरा साधारण ६० मीटर उंच आहे. नवशिके दाराजवळ उभे राहून कॅमेरा वर करतात, आणि मनोरा मागे कलंडल्यासारखा येतो. कॅमेरा जमिनीला समांतर ठेवला तर उभ्या रेषा उभ्याच राहतात, पण त्यासाठी लांब जावं लागतं. फुल फ्रेमवर (३६×२४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४ मिमी लेन्स उभी धरली तर इमारतीच्या उंचीच्या सुमारे १.३ पट अंतर लागतं. ६० मीटरसाठी जवळजवळ ८० मीटर. ३५ मिमीला ११५ मीटरच्या आसपास. खालचा अर्धा भाग रस्त्याने भरेल, तो नंतर कापा.

एवढी जागा बहुधा मिळत नाही. मग कॅमेरा वर करा, पण दोन्ही बाजूंना आणि टोकावर भरपूर मोकळी जागा सोडा. सॉफ्टवेअरमध्ये उभ्या रेषा सरळ करताना वरचा भाग ताणला जातो आणि कडा कापल्या जातात. टोकावरचा क्रॉस अर्धा कापून आणणारे फोटो बघून बघून डोळे दुखले.

बाहेरून एक फोटो काढून निघून जाणं हीदेखील चूकच. पुण्यात सेंट मेरीज १८२५ पासून आहे, आणि अशा लष्करी चर्चमध्ये खरा खजिना आत, भिंतीवरच्या स्मृतिशिलांवर असतो. फादरना विचारा, प्रार्थना चालू असताना जाऊ नका, फ्लॅश बंद. कोरलेली अक्षरं समोरच्या उजेडात सपाट दिसतात. खिडकीचा उजेड बाजूने येतो ती वेळ पकडा.

ट्रंकेवरचं नाव

बाजारातल्या ट्रंकांच्या दुकानासमोर थांबावंसं वाटणारच. काळी पत्र्याची पेटी, तिच्यावर पेंटर पांढऱ्या रंगाने हुद्दा, नाव, युनिट लिहितोय. ब्रश टेकलेला, पहिलं अक्षर ओलं, बाकीचं खडूने आखलेलं. सुंदर दृश्य आहे, पण तो मजकूर एका खऱ्या माणसाची माहिती आहे. फोकस ब्रशवर ठेवा, अ‍ॅपर्चर २ किंवा २.८ (लेन्स मोठी उघडी, म्हणजे बाकीचं धूसर), आणि अशा कोनातून काढा की एखादंच अक्षर वाचता येईल. नंतर ब्लर करून भागवू नका, हलका ब्लर कधीकधी वाचता येतो. वरच्या दिशेच्या बाणाने सुरू होणाऱ्या लष्करी गाड्यांच्या नंबरप्लेटचंही तेच: फ्रेममध्ये घेऊच नका.

शिंपी कॅमेरा बघून आत वळला तर राग मानू नका. २०२२ मध्ये आलेल्या नव्या लढाऊ गणवेशाच्या नक्षीची सेनेने नोंदणी करून घेतली आहे आणि तो उघड्या बाजारात विकायला परवानगी नाही. तेव्हापासून दुकानदार सावध असतात. आधी चार शब्द बोला, मग कॅमेरा काढा.

थोडक्यात आटपण्यासारखं

लोकेशन बंद करा. आयफोनवर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन सर्व्हिसेस, कॅमेरा, नेव्हर. अँड्रॉइडवर कॅमेरा अ‍ॅपच्याच सेटिंगमध्ये लोकेशन टॅग असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती पुसली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सोबत जाते.

‘माझा ड्रोन २५० ग्रॅमच्या आत आहे.’ बरं मग? नॅनो ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्रातून सूट आहे, रेड झोनमधून, म्हणजे ड्रोनला मनाई असलेल्या क्षेत्रातून, नाही. ड्रोन नियम, २०२१ नुसार रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघा. शिवाय पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेश निघतात ते वेगळेच. कॅन्टोन्मेंटजवळ ड्रोन घरीच राहिलेला बरा.

पुण्याचा विमानतळ हवाई दलाच्या लोहगाव तळावर आहे. विमान जमिनीवर असताना, उडताना किंवा उतरताना खिडकीतून रील काढू नका. उद्घोषणा होते, ऐका.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात उभ्याने फोटो काढले तर रणगाडे खेळण्यातले वाटतात. गुडघ्यावर बसा, लेन्स पट्ट्याच्या उंचीला आणा, ३५ मिमी. रणगाडा जुना आहे, पण मागे जे दिसतंय ते चालू लष्करी आवार असू शकतं, त्यामुळे कडांचा नियम इथेही आहेच.

लष्करी हालचाल, सामान लादलेली रेल्वे, बंदोबस्त दिसला की कॅमेरा बॅगेत. त्याच दिवशी पोस्ट टाकायचीही घाई नको.

परवानगी चुकीच्या दारात मागणं

रस्त्यावर हातात कॅमेरा धरून फिरणं वेगळं आणि ट्रायपॉड, लाइट, मॉडेल घेऊन शूट करणं वेगळं. बोर्डाच्या हद्दीतल्या रस्त्यासाठी, बागेसाठी अर्ज कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नावे. लष्कराच्या ताब्यातल्या जागेसाठी स्टेशन हेडक्वार्टर, म्हणजे तिथलं लष्करी मुख्यालय. बोर्डाचा अध्यक्ष स्टेशन कमांडरच असतो, म्हणून एका पत्रात दोन्ही कामं होतील असा समज असतो. होत नाहीत. अर्जात नेमकी जागा, तारीख, वेळ, माणसांची नावं, उपकरणांची यादी आणि फोटो कशासाठी हे लिहा. ‘कॅन्टोन्मेंट परिसर’ असं मोघम लिहिलं की अर्ज प्रश्न घेऊन परत येतो.

मंजुरीच्या पत्राची कागदी प्रत खिशात ठेवा. फोनमधलं पत्र दाखवायला गेटसमोर फोनच बाहेर काढावा लागतो.