याशिकाची बॅटरी मिळेना, मग असं जमवलं

मिरजेत जुन्या सामानाच्या दुकानात याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन हा जुना फिल्म कॅमेरा मिळाला आठशेला, ४५ एमएम एफ १.७ लेन्स, काचेला बुरशी नाही म्हणून लगेच उचलला. दुकानदार म्हणाला बंद आहे, पण बंद कसला, आत बॅटरीच नव्हती!

याला ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, ती आता बनत नाही, आणि बॅटरीशिवाय शटर (प्रकाश आत सोडणारी झडप) एकाच स्पीडला पडतं. मी ६ व्होल्टची ४एलआर४४ आणली, एवढ्या फरकानं काही बिघडत नाही, पण ती बारीक आणि आखूड, खणात नुसती खुळखुळते. मग जाड पुठ्ठ्याची नळी करून त्यात बसवली, उरलेल्या जागेत स्प्रिंग, आधी खणातल्या धातूच्या टोकांवरचा हिरवा गंज व्हिनेगरच्या कापसानं पुसला. मागचं बटण दाबलं आणि फोटो मोजणाऱ्या काउंटरची खिडकी हिरवीगार उजळली, काय आनंद झाला म्हणून सांगू! मागच्या झाकणाचा फोम चिकट होऊन सुटत होता, तो खरवडून काळी लोकर चिकटवली, नाहीतर प्रकाश आत शिरतो.

पहिला रोल सांगलीच्या आयर्विन पुलावर, पहाटे. ३६ पैकी ३१ फोटो छान आलेत. असा कॅमेरा घेताना लेन्स आणि बॅटरीचा खण आधी बघा, बाकीचं घरी जमतं.