काउन्सेलरकडे पहिल्यांदा जाताय? मग एवढं वाचून जा

पहिल्या सेशनला जाताना मी रिक्षात अख्खा वेळ पाठांतर करत होते, आधी काय सांगायचं नंतर काय, आणि आत गेल्यावर मॅडमनी नुसतं "बोला, कसं येणं झालं?" विचारलं तर सगळं डोक्यातून गायब, मी पाच मिनिटं ट्रॅफिकवरच बोलले. तरी चाललं. म्हणून भाषण तयार करू नका, मोबाईलमध्ये दोन-तीन ओळी लिहून न्या, कधीपासून होतंय, आत्ताच का यावंसं वाटलं, चालू गोळ्या कोणत्या. थायरॉईडचा रिपोर्ट असेल तर तोही सांगा, थायरॉईड बिघडलं की मूडही बिघडू शकतो.

पहिल्या भेटीत प्रॉब्लेम सुटत नाही हो. पाऊण-एक तासात बहुतेक माहितीच घेतात, झोप, भूक, घरात कोण कोण, दारू-सिगरेट वगैरे. जीव द्यायचे विचार येतात का हेही सरळ विचारतात, दचकू नका, बऱ्याच जणांना विचारतात, खरं काय ते सांगा.

आता मेन मुद्दा. परीक्षा तुमची एकट्याची नाहीये, तुम्हीही त्यांना बघायला गेलाय (कांदेपोहेच समजा, फक्त फी तुम्ही देता). एडवर्ड बॉर्डिन नावाच्या अमेरिकन सायकॉलॉजिस्टने १९७९ मध्ये मांडलं होतं की दोघांचं तीन गोष्टींवर जमायला लागतं, कुठे पोचायचंय, त्यासाठी काय काय करायचं, आणि एकमेकांवर विश्वास. मग विचारा की बिनधास्त, तुम्ही काम कसं करता, साधारण किती सेशन लागतील, फी किती, आयत्या वेळी कॅन्सल केलं तर पैसे जातात का. शिक्षणही विचारा, कारण काउन्सेलर अशी पाटी कोणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया, सरकारी संस्था) रजिस्ट्रेशन हवं, आणि गोळ्या लिहून देणार तो सायकियाट्रिस्ट, म्हणजे डॉक्टर.

घरी कळेल का ही भीती सगळ्यांनाच असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, कलम २३ मध्ये, गोपनीयतेचा हक्क दिलाय, पण त्याला अपवाद आहेत, कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोर्टाने मागितलं तर सांगावं लागू शकतं, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. चांगली व्यक्ती हे स्वतःहून पहिल्याच दिवशी सांगते, नाही सांगितलं तर तुम्ही विचारा. सोबत आई किंवा नवरा आला असेल तर थोडा वेळ तरी एकट्याने बोलायचंय म्हणून सांगा, आई बाहेर बसली तर तिला काही राग येत नाही, आला तर चहा पाजा.

रडू आलं तर येऊ द्या, टिश्यूचा डबा त्यासाठीच असतो. नाही जमलं तर? नुसतं अवघडल्यासारखं झालं असेल तर अजून दोन-एक भेटी द्या, ते नॉर्मल आहे. पण पहिल्याच दिवशी "लग्न करा म्हणजे सगळं ठीक होईल" किंवा "एवढ्याशा गोष्टीचं काय टेन्शन" असं ऐकवलं तर मी तरी परत जाणार नाही, दुसरं कोणी शोधेन.

अपॉइंटमेंट लांबची मिळाली आणि तोवर राहवत नसेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

आणि सेशननंतर लगेच ऑफिसची मीटिंग ठेवू नका. मी ठेवली होती, डोळे सुजलेले आणि कॅमेरा ऑन.