क्लच प्लेट लवकर जळू नये म्हणून गाडी कशी चालवायची

क्लच प्लेट ही शेवटी घासूनच काम करते, फ्लायव्हील (इंजिनबरोबर फिरणारी जड चकती) आणि तिच्यावर दाब देणाऱ्या प्रेशर प्लेटच्या मध्ये दाबली जाते, त्यामुळे झिजणार तर आहेच, पण किती लवकर ते बरंचसं आपल्या डाव्या पायावर आहे.

सगळ्यात जास्त नुकसान चढावर होतं. खंबाटकी घाटात जाम लागला की बरेच जण हाफ क्लच आणि थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी जागेवर धरून ठेवतात, तेव्हा प्लेट सतत घसरत असते आणि तापते, मग तो जळका वास येतो. असं अजिबात करू नका प्लीज. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, क्लच हळू सोडत जा, गाडीचं नाक जरा उचलल्यासारखं वाटलं, इंजिनचा आवाज बदलला की थोडी रेस द्या आणि हँडब्रेक सोडा. रिकाम्या चढावर दहा-बारा वेळा करा, जमतंच.

सिग्नलला न्यूट्रल करून पाय काढा, नाहीतर रिलीज बेअरिंग (क्लच दाबल्यावर प्रेशर प्लेटचा दाब काढणारं बेअरिंग) उगाच दाबाखाली फिरत राहतं. चालत्या गाडीत पाय क्लचच्या पेडलवर टेकवून ठेवायची सवय पण सोडा. दुसऱ्या गिअरवर गाडी उठवू नका.

आणि चौथ्या गिअरला रेस दिल्यावर आरपीएम वाढतोय पण स्पीड वाढत नाहीये असं झालं तर प्लेट घसरतेय, लगेच दाखवून घ्या, तशीच चालवली तर फ्लायव्हील पण खराब होतं आणि खर्च खूप वाढतो.