नदीच्या मुखाकडची वाळू वाहून जातेय? दगड टाकायच्या आधी हे करा

जूनमध्ये दोन-चार माड आडवे झाले की गावच्या ग्रुपवर एकच मागणी, दगड टाका. गोव्यात केरीला तेरेखोल नदीच्या मुखाशी असो, मोरजीला शापोराच्या किंवा बेतूल-मोबोरकडे साळ नदीच्या, सगळीकडे हेच. पण नदीच्या मुखाकडची वाळू एका जागी कधीच थांबत नाही, पावसाळी लाटा ती ओढून आत समुद्रात नेतात आणि ऑक्टोबरनंतर बारीक लाटा बरीचशी परत आणून टाकतात, शिवाय नदीच्या मुखाशी साचलेला वाळूचा दांडा वर्षागणिक इकडेतिकडे सरकतो तो वेगळाच. त्यामुळे आधी हे बघायचं की वाळू नुसती फिरायला गेलीय की कायमची गेलीय.

त्यासाठी टेप आणि मोबाईल पुरे. न हलणारी एक खूण धरा, देवळाची भिंत, विहिरीचा कठडा, काहीही, आणि तिथून वेलींची हिरवळ जिथे संपते तिथपर्यंतचं अंतर मोजा, त्याच जागेवरून त्याच दिशेने फोटो काढा, वहीत तारीख लिहा. मे अखेरीला एकदा, ऑक्टोबर अखेरीला एकदा. तुलना मात्र मेची मेशीच करायची, जुलैचा फोटो जानेवारीच्या फोटोशेजारी ठेवून कोणी बोंब मारत असेल तर त्याला काही अर्थ नाही. उधाणाच्या दिवशी मोजू नका, भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती बघून जा. सलग काही वर्षं मेचा आकडा घटत असेल तर ती खरी धूप.

आता टेकड्या. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या म्हणजे आपली शिल्लक, वादळात लाटा हीच वाळू खातात म्हणून मागचं घर वाचतं. शॅकसाठी (किनाऱ्यावरच्या खाण्यापिण्याच्या झोपड्या) त्या जेसीबीने सपाट करणं हा शुद्ध वेडेपणा आहे (आणि सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांत, त्यांना सगळ्यात कडक संरक्षण आहे, म्हणजे बेकायदाही). जिथे टेकडी झिजलीय तिथे पावसाच्या सुरुवातीला मर्यादवेल लावा. जांभळ्या फुलांची ही वेल पेरापेराला मुळं सोडते, म्हणून तीन-चार पेरांचा तुकडा घ्या, दोन पेरं ओल्या वाळूत गाडा, बाकी वर राहू दे. लाटेने कापलेल्या कड्याजवळ बसून बघा, वाळू ढासळलेली असते आणि वेलीची मुळं लोंबत असतात, पण मुळांचं जाळं जिथे दाट तिथे कडा उशिरा पडतो. सुरूच्या झाडांची रांग हा या वेलीला पर्याय नाही, मोठ्या लाटेत सुरू मुळासकट उपटून येतो.

पाऊस गेला की टेकडीच्या पायथ्याशी, भरतीरेषेच्या बरंच वर, चुडतांचं (माडाच्या झावळ्यांचं) कमरेएवढं कुंपण करा, निम्मं उघडं निम्मं बंद, वारा आरपार गेला पाहिजे म्हणजे वाळू मागे साचते. गच्च बंद केलं तर वारा वळसा घेऊन उलट खणतो. लोकांना जायला एकच वाट ठेवा. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे मात्र कासवं अंडी घालायला येतात, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय एक काठीही रोवू नका.

दगडी भिंत अगदीच घर जात असेल तर, तीही परवानगीने. भिंतीसमोरची वाळू लाटा खणून नेतात आणि भिंत जिथे संपते तिथे शेजाऱ्याची जमीन जोरात कापली जाते, मग तोही भिंत मागतो आणि हे गावभर चालू राहतं.

आणि नदीकडेही बघा हो! वर बेकायदा रेती उपसा चालला तर मुखाशी येणार काय? बोटींसाठी मुखातला दांडा ड्रेज करायचा, म्हणजे यंत्राने उपसायचा, झाला तर ग्रामसभेच्या ठरावात स्पष्ट लिहून घ्या की निघालेली वाळू आधी तपासायची, चिखल किंवा तेलकट घाण नसेल तर ती झिजणाऱ्या बाजूच्या किनाऱ्यावरच टाकायची, ट्रकात भरून बांधकामाला न्यायची नाही. ठरावाला तुमची मापं आणि फोटो जोडा, आणि प्रत किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाला, जलस्रोत खात्याला पाठवून पोच घ्या.