साइटवर नवीन आहात? नियोजनातल्या या चुका टाळा

डिप्लोमा किंवा बीई करून साइटवर आलेला मुलगा आधी एमएस प्रोजेक्ट हे नियोजनाचं सॉफ्टवेअर शिकायला घेतो. रंगीत बार चार्ट तयार होतो, साइट ऑफिसच्या भिंतीवर चिकटतो आणि महिन्याभरात त्याच्यावर सिमेंटची धूळ बसते. दोष सॉफ्टवेअरचा नाही. चार्टमध्ये फक्त काम चालू असण्याचे दिवस धरलेले असतात, थांबण्याचे कोणी धरतच नाही.

स्लॅबचंच घ्या. सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा आणि त्याचे टेकू), सळई, इलेक्ट्रिकचे पाइप, काँक्रीट, एवढं सगळेच लिहितात. पण आयएस ४५६ या काँक्रीटकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलंड) सिमेंटच्या स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस आणि त्याहून मोठ्याला १४ दिवस काढायचे नसतात. बीमखालचे ६ मीटरपर्यंत १४, त्यापुढे २१ दिवस. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून हे दिवस वाढवावे लागतात, आणि क्युरिंगही (काँक्रीट ओलं ठेवणं) ७ ऐवजी किमान १० दिवस. तेवढे दिवस सेंटरिंगच्या प्लेटा आणि जॅक खालच्या मजल्यावर अडकलेले. सेंटरिंगचा एकच सेट असताना ‘दर १२ दिवसांनी स्लॅब’ लिहून काय उपयोग? आधी सेट किती लागतील ते काढा, मग तारखा टाका. काँक्रीट झालं की त्याच दिवशी ओतल्याची आणि टेकू काढायची तारीख कॉलमवर ऑइलपेंटने लिहून घ्या. ‘साहेब, उद्या खोलतो, काही होत नाही’ असं मुकादम म्हणतोच. समोर तारीख दिसत असली की वाद लांबत नाही.

काम मागे पडलं की माणसं वाढवायची, ही तितकीच जुनी खोड. टॉयलेटच्या पाइपांची टेस्ट राहिलीय म्हणून वॉटरप्रूफिंग अडलंय, वॉटरप्रूफिंग अडलंय म्हणून टाइल्स अडल्यात, आणि आपण बाहेरच्या प्लास्टरला चार गवंडी जास्त लावतो! हजेरी फुगते, ताबा द्यायची तारीख जिथल्या तिथे. अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस क्रिटिकल पाथची पद्धत बसवली तीही याच हिशेबासाठी: कोणतं काम एक दिवस लांबलं की सगळा प्रकल्प एक दिवस लांबतो? तेवढी कामं शोधायला वही-पेन्सिल पुरते. प्रत्येक कामापुढे ‘याआधी काय संपायला हवं’ एवढंच लिहा आणि सर्वांत लांब साखळी मोजा. या उदाहरणात प्लंबरला एक दिवस आधी बोलावणं हाच उपाय होता.

कॅलेंडर भरताना नुसते रविवार वगळून भागत नाही. होळीला आणि छठला उत्तरेकडची माणसं गावी जातात, गणपतीला कोकणातली. पाया पावसाळ्याआधी प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) आला नाही, तर जूनमध्ये खड्ड्यातलं पाणी उपसण्यातच दिवस जातात.

ड्रॉइंगची गडबड बहुधा निष्काळजीपणातून होत नाही. नवी रिव्हिजन ऑफिसच्या फाइलला लागते आणि सेंटरिंगवाल्याच्या खिशात मात्र जुनीच घडी असते. नवं ड्रॉइंग देताना जुनं परत घ्या, त्यावर ‘रद्द’ मारा आणि रजिस्टरला सही घ्या. थोडं कारकुनी वाटतं, पण बीम तोडण्यापेक्षा स्वस्त पडतं.

पैशांच्या बाबतीत नवखा इंजिनिअर सर्वांत जास्त फसतो तो झाकल्या जाणाऱ्या कामात. सोलिंग (दगडांचा थर), पीसीसी (सळईविना काँक्रीट), फुटिंगची (पायाची) सळई एकदा गाडली गेली की आरए बिलाच्या (चालू कामाच्या बिलाच्या) वेळी मोजणार कशी? काँक्रीट पडण्याआधी क्लायंटच्या माणसाला उभं करून मोजमाप घ्या, टेप लावलेला फोटो काढा, मेजरमेंट बुकात (मोजमापाच्या वहीत) त्याच दिवशी नोंद करा. तोंडी सांगितलेल्या जादा कामाचंही तसंच. ‘ही भिंत जरा सरकवा’ म्हटलं की संध्याकाळपर्यंत दर आणि लागणारे दिवस लिहून मेल गेला पाहिजे.

आणि हिंड्रन्स रजिस्टर, म्हणजे अडथळ्यांची नोंदवही, रिकामं ठेवू नका. ड्रॉइंग उशिरा आलं, क्लायंटने द्यायची सळई आली नाही, पाऊस लागला, जे झालं ते त्या दिवशी लिहून समोरच्याची सही घ्या. मुदतवाढ मागताना सहा महिन्यांपूर्वीचा पाऊस आठवून सांगितला तर कोणी मान्य करत नाही.