माती, पाऊस आणि पिवळं पान: कृषीच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

चौथ्या वर्षी कार्यानुभवासाठी मी नाशिकच्या निफाड तालुक्यात होतो. एका द्राक्षबागेतला मातीचा नमुना युरियाच्या रिकाम्या गोणीतून आणला. नत्राचा (नायट्रोजनचा) आकडा इतका चढला की सरांनी आधी एवढंच विचारलं, "कशातून आणलास?" अहवालाची वाट बघणाऱ्या काकांना पुन्हा खड्डे घ्यायला लावावे लागले. त्याचं मला अजून वाईट वाटतं. आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा शेतातच, प्रयोगशाळेत पोहोचण्याआधी.

म्हणून नमुना घेताना घाई नको. बांधाच्या कडेची, झाडाखालची, उकिरड्याजवळची किंवा नुकतंच खत टाकलेल्या जागेची माती घेऊ नका. हंगामी पिकासाठी इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा 15 ते 20 सेंटीमीटर खोल खड्डा करा आणि त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत सारखी चकती काढा. द्राक्षाची मुळं खोल जातात, तिथे 0-30 आणि 30-60 सेंटीमीटर असे दोन थर वेगळे ठेवा. ठिबक असेल तर थेंब पडतो तिथलीच माती उचलू नका, कारण क्षार पाण्याबरोबर ओल्या पट्ट्याच्या कडेला सरकतात. सगळे खड्डे मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. वाळवायची सावलीत.

सामू (म्हणजे मातीचा पीएच) 8.2 आला की बरीच मुलं दचकतात आणि वहीत 7.5 लिहून मोकळी होतात. हे अजिबात करू नका. नाशिकच्या काळ्या जमिनीत मुक्त चुना असतो, त्यामुळे 8 च्या पुढचा सामू इथे नवलाचा नाही. शंका असेल तर मीटर 7 आणि 9.2 सामूच्या बफरला (सामू ठरलेल्या द्रावणाला) लावून पुन्हा तपासा. 8.5 च्याही वर गेला तर मात्र जमीन चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेली, आहे का ते बघायला हवं. तिथे विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना धरून असलेलं सोडियम) मोजल्याशिवाय शिफारस लिहू नका.

याच चुन्यामुळे पानं ओळखण्यातही चूक होते. पान पिवळं दिसलं की "नत्र कमी" म्हणायची सवय लागते. आधी कोणतं पान पिवळं आहे ते बघा. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली तर नत्राचा संशय घ्या. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. लोह जमिनीत असतं, पण चुनखडीत मुळांना मिळत नाही. अशा जमिनीत लोहाचं ईडीटीए चिलेट (लोह धरून ठेवणारं खत) टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचं टिकतं. युरिया टाकून तर काहीच सुधारत नाही.

हवामानाच्या नोंदीत घोळ होतो तो तारखेचा. पर्जन्यमापक सकाळी 8:30 ला वाचतात, म्हणजे 10 तारखेच्या दुपारचा पाऊस 11 तारखेच्या रकान्यात येतो. डावणी (द्राक्षावरचा बुरशीजन्य रोग) कधी सुरू झाली हे पावसाशी जुळवताना एक दिवस सरकतो आणि सगळा निष्कर्ष चुकतो. हवामान केंद्रही जवळचंच घ्या. इगतपुरीला 3000 मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो, येवल्याकडे त्याचा चौथा हिस्साही नाही. "नाशिकचा सरासरी पाऊस" या दोन्हीपैकी कुठल्याच शेतावर पडत नाही.

हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी) अंजनेरीला जाणार असाल तर एक कळकळीची विनंती. तिथली खरपुडी, म्हणजे सेरोपेजिया ही कंद असलेली वनस्पती, कंदासकट उपटू नका. 'अंजनेरिका' ही तिची जात याच डोंगरावरून 2006 साली जगासमोर आली, आणि रोपं मोजकीच आहेत. फुलाचा फोटो मोजपट्टी ठेवून काढा, वहीत तारीख, उंची, खडकाचा प्रकार लिहा, आणि नेमकी जागा ग्रुपवर टाकू नका.